गाडीच्या पोटाखालचं मीठ : एका हिवाळ्याच्या नोंदी

२८ सप्टेंबर

थंडीचे टायर चढवायला अजून महिना आहे, पण आज मागचं डावं चाक काढलंच. गेल्या हिवाळ्याने आत काय करून ठेवलंय ते एकदा बघायचं होतं. गाडी नऊ वर्षांची. बर्फ वितळवायला मीठ टाकतात अशा रस्त्यांवर आठ हिवाळे काढलेली, त्यातले शेवटचे तीन माझ्याकडे. वरून बघणारा तिचं वय पाच-सहाच्या वर सांगणार नाही, कारण दर रविवारी मी तिला धुते आणि पुसून चकचकीत करते.

चाकाच्या कमानीत प्लॅस्टिकचं अस्तर असतं. त्याचे स्क्रू काढून ते जरा ओढलं, तर मूठभर काळी माती थेट माझ्या बाहीत. आणि ती ओलसर! दोन आठवडे पावसाचा थेंब नाही. मडगार्डची कड जिथे आत वळते त्या घडीत ही माती घरट्यासारखी दाबून बसली होती.

पिण्याच्या पाण्याचा फिल्टर तपासायला घेतलेला एक टीडीएस मीटर घरात पडून आहे. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते तो सांगतो. चमचाभर माती ग्लासभर नळाच्या पाण्यात ढवळली, गाळ खाली बसू दिला आणि मीटर बुडवला. नुसतं नळाचं पाणी १६० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १६० भाग क्षार, मातीचं पाणी १९४०. मीटरला मीठ आणि चुना यांतला फरक कळत नाही, त्यामुळे हे सगळं मीठच असं छातीठोकपणे नाही म्हणता येणार. म्हणून कुंडीतली माती त्याच मापाने ढवळून पाहिली. २१०.

म्हणजे रस्त्यावर शेवटचं मीठ पडून सहा महिने उलटले, मधे मी वीसेक वेळा तरी गाडी धुतली, आणि मागच्या वर्षीचं मीठ अजून मुक्काम ठोकून आहे. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मुलगा टॉर्च धरून बसला होता. "आई, इथे रंग फुगलाय बघ." कमानीच्या कडेवर नखाएवढा फोड. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने आजूबाजूचा पत्रा ठोकत गेले. धडधाकट पत्रा टणटणतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. कुठेच बद्द वाजलं नाही, तेवढं नशीब. ब्रेकच्या नळीला तळाशी धरून ठेवणारी मागची क्लिप मात्र तपकिरी पडलीय.

यंदा नोंदी ठेवायच्या, आणि चमक बघत बसण्यापेक्षा मीटर बघायचा.

५ ऑक्टोबर

दिवसा १४ अंश, कोरडी हवा. रंगकाम आता झालं तर झालं, नाहीतर थेट एप्रिलमध्ये. १० अंशांच्या खाली रंग नीट धरत नाही आणि वाळायला दिवस घेतो.

फोड खरवडला. रंगाखालचा गंज दिसतो त्यापेक्षा मोठाच निघतो, तसा तो निघाला. नखाएवढ्या फोडाखाली अंगठ्याएवढा डाग. गंज झाला की लोखंड फुगतं, मूळ धातूच्या सहापटीपर्यंत जागा व्यापतं. ते फुगणं रंगाला खालून उचलतं, उचललेल्या रंगाखाली पाणी शिरतं, आणि मग थांबायचं नाव नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उघडा पत्रा चमकेपर्यंत घासलं, नंतर १८० ने कडा उतरत्या केल्या, म्हणजे जुन्या रंगावरून बोट फिरवलं तर पायरी लागायला नको. बारीक खळग्यांत जे काळं-तांबडं अडकून राहतं ते कितीही घासलं तरी निघत नाही. त्यावर टॅनिक आम्लाचं द्रावण लावलं. तांबडं बघता बघता निळसर काळं होतं. ते पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग रंग, मग वरचा पारदर्शक थर. एकूण काम तासाभराचं, वाळण्याची वाट बघण्यात अख्खा दिवस.

६ ऑक्टोबर

बॉनेटवर खडी उडून पडलेल्या १७ टिचक्या मोजल्या. सगळे थर धरून गाडीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन केसांएवढा. १७ पैकी १४ टिचक्यांत तळाशी करडं दिसतं, तीनमध्ये तांबडं. करडं म्हणजे पत्र्यावरचा जस्ताचा थर अजून शिल्लक आहे. लोखंडाच्या आधी जस्त स्वतः झिजतं आणि शेजारचं उघडं लोखंड सांभाळतं.

ही युक्ती जुनी आहे. जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्राचं पाणी खाऊन टाकायचं. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्या पत्र्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून तांबं वाचवून दाखवलं. तांबं वाचलं खरं, पण जे थोडं थोडं विरघळून शंख-शिंपल्यांना दूर ठेवत होतं ते विरघळणंच बंद झालं. मग सगळे येऊन खुशाल चिकटले आणि जहाजं मंदावली. हा किस्सा मला फार आवडतो. गाडीवर काहीही नवं लावताना तो आठवावा, आणि पुढच्या नोंदीत मी तो आठवलाच.

तीन तांबड्या टिचक्या टोकदार पेपरने साफ करून प्रायमर आणि रंग. बाकीच्या १४ वर नुसता टचअप. काडीच्या टोकाने थेंब ठेवायचा. बाटलीबरोबर येतो त्या ब्रशने ठेवलेला थेंब गोगलगाईएवढा होतो.

१२ ऑक्टोबर

मोठं काम. शुक्रवारी तळ धुतला, दोन दिवस गाडी उंचावर ठेवून पंखा लावून सुकवला. घाईने ओल्यावर काही फवारलं तर आतलं मीठपाणी आपणच झाकण लावून कोंडतो.

आधी निचऱ्याची भोकं. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन असतात, आणि दारांखाली लांबलचक पोकळ पेटी असते तिलाही असतात. त्या पेटीला मी उंबरा म्हणते. काचेच्या फटीतून दारात शिरणारं पाणी या भोकांतून बाहेर पडायला हवं. पुढच्या डाव्या दाराचं भोक बुजलेलं होतं. तार घातली तर आतला रंग खरवडतो, म्हणून वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी घालून हलवली. एक सेकंद काहीच नाही, मग ढळाढळा तपकिरी पाणी, अर्धा पेला तरी. ही गाडी दारात पाणी घेऊन किती महिने फिरत होती कोण जाणे. मीटर लावला. ४१२०. सप्टेंबरातल्या मातीपेक्षा दुपटीने जास्त, आणि तेही दाराच्या आत, जिथे मी कधी बघितलंच नव्हतं.

उंबऱ्यात आणि दारांत पोकळीसाठीचं पातळ मेण फवारलं. डब्याला लांब लवचीक नळी असते आणि तिच्या टोकाची तोटी चहूबाजूंनी फवारते. नळी शेवटपर्यंत आत सरकवायची आणि फवारत फवारत सावकाश मागे ओढायची. सांध्यांत ते केशाकर्षणाने स्वतःच शिरतं. काम झाल्यावर भोकं पुन्हा प्लॅस्टिकच्या पट्टीने मोकळी केली, नाहीतर डेव्हीच्या जहाजासारखी गत.

तळाला काय लावायचं यावर महिनाभर डोकं चाललं. काळा रबरी थर देखणा दिसतो आणि खडीचा मार चांगला सोसतो. पण तो जुना झाला की तडकतो, तडीतून पाणी आत जातं आणि थराच्या मागे दडून बसतं. वरून काळं कुळकुळीत, आत पत्र्याची चाळण. नव्या कोऱ्या पत्र्यावर ठीक, आठ हिवाळ्यांच्या पत्र्यावर नको. मी लॅनोलिन घेतलं. मेंढीच्या लोकरीतून निघणारा हा मेणचट पदार्थ कधी पूर्ण वाळत नाही, ओरखडा पडला तरी आजूबाजूचा सरकून भरून येतो. तोटे दोन. दरवर्षी पुन्हा मारावं लागतं, आणि पहिले काही दिवस गॅरेजभर मेंढवाड्याचा वास.

ब्रेकच्या डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर जुन्या पिशव्यांत गुंडाळले, एक्झॉस्टचा पाइप फॉइलने झाकला. फवारताना सबफ्रेमचे, म्हणजे तळाशी चाकांचा भार पेलणाऱ्या चौकटीचे, सांधे, वेल्डिंगच्या रेषा, हँडब्रेकच्या केबलची टोकं आणि ब्रेकच्या नळ्या यांवर जरा जास्त हात फिरवला. ती तपकिरी क्लिपही तारेच्या ब्रशने साफ करून लॅनोलिनने न्हाऊ घातली. खाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर रात्रभर ठिबकत होतं.

१९ ऑक्टोबर

वरचा रंग. धुणं, रुतलेली घाण ओढून काढणारी क्ले, मग वरून संरक्षक सीलंट. याबद्दल सगळे भरभरून लिहितात, मी नाही लिहिणार. सीलंटने गाडी गंजायची थांबत नाही, पण गुळगुळीत पृष्ठभागावर मिठाचा राप कमी धरतो आणि थंडीत कमी घासून निघतो. एवढ्यासाठीच लावलं. चाकांच्या आतल्या बाजूलाही.

डब्यांवर 'मिठाच्या फवाऱ्यात १००० तास' वगैरे छापलेलं असतं. ती चाचणी म्हणजे एएसटीएम बी११७ किंवा आयएसओ ९२२७ या नावाची ठरीव प्रयोगशाळेतली चाचणी. बंद पेटी, ३५ अंश, ५ टक्के मिठाच्या पाण्याचं अखंड धुकं. दोन डब्यांची तुलना करायला ठीक. रस्त्यावर पत्रा भिजतो, वाळतो, गोठतो, वितळतो, खडी खातो. त्या तासांना कसलाही गुणाकार करून वर्षं काढू नयेत.

९ नोव्हेंबर

आज रस्त्यावर समांतर पांढऱ्या रेघा दिसल्या. बर्फ पडलेला नाही, पडायचाय. त्याआधीच मिठाचं पाणी ओतून ठेवतात, म्हणजे बर्फ डांबराला चिकटत नाही. या पाण्यात मीठ साधारण २३ टक्के असतं, कारण तेवढ्याच प्रमाणाला ते सगळ्यात उशिरा, उणे २१ अंशांना, गोठतं. प्रत्यक्षात रस्त्यावर उणे १० च्या आसपासच मीठ फार हळू काम करायला लागतं, म्हणून जास्त थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात.

ही मंडळी गाडीसाठी जास्त वाईट. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरतात. तेवढी हवा घरातही असते. म्हणजे साध्या मिठाची गाडी एखाद्या कोरड्या दिवशी खरोखर वाळेल, पण मॅग्नेशियमवाली वाळलेली दिसेल आणि सांध्यांत चिकचिकत राहील. गंजाला लोखंड, पाणी आणि हवा लागते. मीठ त्या पाण्यातून विजेची ने-आण सोपी करून देतं आणि पाण्याला जाऊही देत नाही. मिठाला जागणं वगैरे म्हणी या मिठासाठी नाहीत.

१६ नोव्हेंबर

हिवाळ्यातलं पहिलं धुणं. दुपारी ४ अंश.

आजवर मी आधी टप धुवायचे, मग बाजू, मग वेळ आणि उत्साह उरला तर पाइप गाडीखाली अर्धा मिनिट. आज उलट. आधी तळ. बाजूच्या उंबऱ्याखाली जुना पसरट ट्रे ठेवला आणि ठिबकणाऱ्या पाण्यात दर थोड्या वेळाने मीटर बुडवला.

पहिल्या पाण्याला मीटरने हात टेकले, ९९९० च्या पुढे त्याला मोजताच येत नाही. दोन मिनिटांनी ३१००. पाच मिनिटांनी ६४०. आठ मिनिटांनी २३०, म्हणजे जवळपास नळाचं पाणी. माझं अर्धं मिनिट म्हणजे मीठ पातळ करून सगळीकडे सारखं पसरवण्याचा कार्यक्रम होता तर.

आणखी एक गंमत. उजव्या बाजूला प्रेशर वॉशर वापरला, डाव्या बाजूला बागेचा साधा पाइप, तोटी न लावता. प्रेशरने चिखलाची ढेकळं झटक्यात उडाली. पण आकडा लवकर उतरला तो साध्या पाइपच्या बाजूला. चिखल सोडवायला जोर लागतो, मीठ विरघळवायला पाणी आणि वेळ. उद्यापासून दोन मिनिटं प्रेशर, मग सहा मिनिटं पाइप.

गरम पाण्याने मीठ जास्त निघेल म्हणून बादली तापवली होती. नंतर वाचलं की साधं मीठ ० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम विरघळतं आणि खोलीच्या तपमानाला ३६. फरक नाहीच म्हणायचा. गरम पाण्याचा उपयोग तेलकट राप सैल करायला आणि माझी बोटं शाबूत ठेवायला. कोमटच बरं. कडाक्याच्या थंडीत काचेवर उकळतं पाणी ओतणाऱ्यांच्या काचा तडकतात.

वरचं अंग मग झटपट. फेस मारून पाच मिनिटं थांबायचं, तो पाण्याने उतरवायचा, मगच हात लावायचा. एक बादली साबणाची, दुसरी हातमोजा खळबळायला. वाळू दुसऱ्या बादलीच्या तळाशी राहते, रंगावर फिरत नाही.

२३ नोव्हेंबर

ओळखीतल्या एका सद्गृहस्थांनी मीठ 'न्यूट्रल' करणारं द्रावण दिलं. मीठ आधीच न्यूट्रल असतं. ते आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, मग उदासीन कुणाला करायचं? तरी डाव्या कमानीत ते द्रावण आणि उजवीत रोजचा कार शॅम्पू, दोन्हीकडे सारखं पाणी. शेवटचे आकडे २४० आणि २५०. दोन्हींत फेस आहे, फेस तेलकट राप उचलतो आणि त्याखालचं मीठ पाण्याला मिळतं. बाटली त्यांना आदराने परत केली.

४ डिसेंबर

सकाळी दार उघडेना. काल रात्री धुतली होती, पहाटे उणे ७. जोर लावला असता तर दाराचं रबर फाटून हातात आलं असतं. मागचं दार कसंबसं उघडलं, आत शिरून हीटर लावला आणि पुढचं दार आतून खांद्याने हळूहळू ढकललं. ऑफिसला चाळीस मिनिटं उशीर.

चूक माझीच. धुतल्यावर दारं उघडून कडा आणि रबरं कोरड्या फडक्याने पुसायची, पेट्रोलच्या झाकणाची खाच पुसायची, मग रबरांवर सिलिकॉनचा बारीक हात. आणि धुणं सकाळी अकराला, संध्याकाळी नाही. धुतल्यावर दहा मिनिटं गाडी चालवून ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबले की डिस्कही कोरड्या होतात.

१४ डिसेंबर

प्रेशर वॉशर गेला. रविवारी धुऊन झाल्यावर तसाच शेडमध्ये ठेवला, आत पाणी. आठवडाभर उणे १० च्या खाली. आज सुरू केला तर पंपाच्या पोटातून कारंजं. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं, आणि पितळी पंपाला ते ९ टक्के द्यायला जागा नसते. शेजारच्या माणसाने विचारलं, "दुरुस्त नाही होणार?" पंपाच्या अंगावरची चीर दाखवली. त्याने मान हलवली आणि गेला.

नव्या पंपासाठी नियम लिहून भिंतीवर चिकटवलाय. नळ बंद करून ट्रिगर दाबून पाणी काढायचं, पंपातून अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रावण, ओढायचं, घरात ठेवायचा. मुलाने खाली पेन्सिलने लिहिलं, "आणि आईला आठवण करायची."

२१ डिसेंबर

पंप नाही, म्हणून स्वतः फवारायच्या कार वॉशला गेले. ब्रशवाल्या यंत्रात मी जात नाही. आधीच्या पन्नास गाड्यांची वाळू त्या ब्रशांत असते. फवाऱ्याखाली ग्लास धरून पाणी घेतलं, कुणीतरी विचित्र नजरेने बघत होतं. पहिल्या धुण्याचं पाणी ८७०, शेवटच्या खळबळीचं १७०. पाणी गाळून पुन्हा वापरत असणार, आणि विरघळलेलं मीठ साध्या गाळणीत अडकत नाही. तिथे गेलात तर शेवटच्या स्वच्छ पाण्यावर वेळ घालवा, आणि तोही गाडीखाली.

४ जानेवारी

उणे १४. रविवार, पण धुतलं नाही. अंगभर पांढरा थर आहे आणि मला ते बघवत नाही, तरी नाही.

कारण सांगून ठेवते. इतक्या थंडीत गंज जवळजवळ झोपलेला असतो. सांध्यातलं पाणी बरंचसं गोठलेलं, आणि तपमान दर १० अंशांनी उतरलं की अशा क्रियांचा वेग साधारण निम्म्याने उतरतो. आता धुतलं तर पाणी दारांत, कुलपात, ब्रेकच्या केबलमध्ये जाऊन गोठणार. खरी घाई तपमान शून्याच्या वर चढतं तेव्हा करायची.

यावरून गॅरेजची गोष्ट. मिठाची, बर्फाने माखलेली गाडी रोज रात्री १५ अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर बर्फ वितळतो, मीठ विरघळतं, आणि सकाळपर्यंत गंजाला अगदी मनाजोगतं हवामान. मला वाटायचं आपण गाडीचे लाड करतोय. यंदा ती बाहेर उभी आहे, सकाळी काच खरवडते मी. धुतल्याच्या दिवशी मात्र गॅरेजमध्ये, पंखा लावून.

१४ जानेवारी

बुधवार. अचानक ३ अंश, उद्याही ४ सांगितलंय. ऑफिसमधून दुपारी लवकर निघाले, कारण दिलं 'घरचं काम'.

नवा पंप अजून आलेला नाही. म्हणून हिरवळीवर पाणी फिरवायचा डोलता फवारा शोधून काढला, त्याची नळी गाडीखाली सरकवली आणि नळ सोडला. गाडी दर तीन मिनिटांनी हातभर पुढे. पाण्याचा पंखा तळावर पुढे-मागे डुलतो आणि सबफ्रेमच्या मागच्या कोनाड्यांतही शिरतो, जिथे माझा हात आणि पाइप पोचत नाही. पहिलं पाणी ९९९० च्या वर, बारा मिनिटांनी ३९०, वीस मिनिटांनी १९०. मी तोवर खुर्चीवर बसून होते. मिठाचं काम खुर्चीवर बसून होईल असं कधी वाटलं नव्हतं. वरची गाडी तशीच पांढरी राहिली, तिला मी हातही लावला नाही.

८ फेब्रुवारी

आतल्या काचांवर सारखी वाफ धरते. हीटर, एसी, सगळं करून झालं. पायाखालचं मॅट उचललं तर कार्पेट ओलं आणि कडेला पांढरी नक्षी. बुटांबरोबर आलेलं मीठ आत साठतं, हवेतली ओल धरून ठेवतं, आणि खाली पत्राच असतो.

पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं फवारलं, दहा मिनिटं ठेवलं, फडक्याने दाबून दाबून टिपलं. घासलं तर मीठ आणखी खोल जातं. नक्षी दुसऱ्या फेरीत गेली. मग ओलं सुकं ओढणारा व्हॅक्यूम, साधं पाणी, पुन्हा व्हॅक्यूम. उंच काठाची रबरी मॅट घातली, बूट गाडीत चढण्याआधी एकमेकांवर आपटायचे हा नियम सगळ्यांना लागू. मुलगा सोडून सगळे पाळतात.

१ मार्च

दोन आठवडे तापाने झोपून. काही नाही.

५ एप्रिल

तीन आठवडे मीठ पडलेलं नाही, दोन जोरदार पाऊस होऊन गेले, दिवसा ११ अंश. हिवाळ्यातलं शेवटचं धुणं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, कारण आता उरलेल्या मिठाला ऊब मिळणार. चारही चाकं काढली, चारही अस्तरं काढली. डाव्या मागच्या कमानीतून पुन्हा माती निघाली, पण मूठभर नाही, चमचाभर. तीच रीत, तोच ग्लास. ४३०. घडीत पाइप धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडलं आणि अस्तर बसवण्याआधी लॅनोलिनचा हात दिला.

दारांची भोकं मोकळी. पुढच्या डाव्या दारातून थेंबही नाही. ऑक्टोबरात रंगवलेली कड जशीच्या तशी. बॉनेटवर नव्या नऊ टिचक्या, सगळ्या करड्या.

शेवटी ती ब्रेकच्या नळीची क्लिप. पुन्हा नारिंगी, आणि आजूबाजूचा हातभर पत्राही उघडा. लॅनोलिन तिथेच कसं गेलं ते आधी कळेना. मग गाडीखाली आडवी पडल्यावर लक्षात आलं. मागच्या चाकापाशी बसून मी प्रेशरची तोटी बरोबर त्याच कोनातून आत धरते, विताहून कमी अंतरावर. मिठाने नाही, मीच ते उडवलं.

नळी खरवडून पाहिली, खळगे नाहीत, नुसता डाग. जुनी क्लिप कापून टाकली, नवी प्लॅस्टिकची बसवली, त्या भागाला पुन्हा लॅनोलिन. भिंतीवरच्या कागदावर आणखी एक ओळ घातली, तळाला प्रेशर दोन विती लांबून. मुलाने विचारलं, "दोन विती तुझ्या की माझ्या?" त्याच्या. त्याच्या आता माझ्यापेक्षा मोठ्या भरतात.